नाकातली काडी

आई,

तुझी चमकी आता माझ्या नाकात नाही. कापसात गुंडाळून, कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून ती देवघराच्या खणात ठेवली आहे. हे तुला सांगणं भाग होतं, कारण ती देताना तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेले नाही. तुझे जावई उन्हाळ्यात गेले. सकाळी फिरून आले, पायातले बूट काढले, चहा मागितला आणि चहा उकळेपर्यंत खुर्चीतच संपले. मी रडले नाही. डॉक्टरांना बोलवायचं होतं, पुण्याला लेकीला फोन करायचा होता, खुर्च्या मागवायच्या होत्या. बँकेत इतकी वर्षं अधिकारी म्हणून काढल्यावर माणसाला कामं कशी उरकायची ते कळतं. रडायचं काम मात्र मला कधी नीट जमलं नाही, ते तुला माहीत आहेच.

तेव्हापासून मला सारखं आपलं एकलहऱ्याचं स्वयंपाकघर आठवतं. वीजकेंद्राच्या वसाहतीतली ती दोन खोल्यांची जागा, खिडकीतून दिसणारी धुराडी, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी करडी राख. अण्णा गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. बायकांनी तुला मोरीत बसवून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं आणि सगळ्यात शेवटी नाकातली चमकी काढली. तिची फिरकी निघत नव्हती. एकीने डोकं धरलं, दुसरीने ओढलं. नाकातून रक्त आलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "झालं, झालं, सुटली." पुढे तुला अण्णांच्या जागी कॅन्टीनमध्ये घेतलं. तू पांढुरकं लुगडं नेसून कामाला जायला लागलीस आणि सगळं आपापल्या जागी बसलं असं मला वाटलं.

मग एक दिवस मी कॉलेजातून लवकर येते. दाराला कडी नाही. तू शेगडीसमोर भाकरी थापते आहेस आणि तुझ्या नाकात, चमकीच्या जागी, केरसुणीची काडी आहे. नखाएवढीच, दोन्ही टोकं फरशीवर घासून गुळगुळीत केलेली, खोबरेल लावलेली. लहान मुलींचं नाक टोचलं की भोक बुजू नये म्हणून घालतात, तशी. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे, आणि तू म्हणालीस, "हात धू. पिठलं गरम आहे तोवर जेवून घे." पुन्हा त्यावर आपण बोललो नाही. पण मी बघत राहिले. घरात तू आणि मी असलो की काडी नाकात. बाहेर कोणाची चाहूल लागली, कडी वाजली, की तुझा पिठाचा हात नाकाकडे जायचा आणि काडी अंबाड्यात खोचली जायची. इतक्या सफाईने की समोरच्याला वाटावं, बाई केस सारखे करते आहे. मला तेव्हा त्याचा राग यायचा. घालायची तर उघड घाल, नाही तर घालू नकोस, असं माझं मत होतं. त्या वयात माझी सगळीच मतं अशी सरळ रेषेत असायची.

येवल्याची आत्या आली तो दिवस तुलाही आठवत असेल. ती कडी न वाजवता मागच्या दाराने आली. तू वळलीस तेव्हा काडी नाकातच होती. आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली नाही, पाणी मागितलं नाही. उभ्यानेच म्हणाली, "काय गं वैनी, माझ्या भावाला जाऊन वरीस नाय झालं आन् तू नाकात काडी घालून बसली? कोणासाठी उघडं ठेवलंय? लय घाई झाली का?" माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणाले, "आत्या, तोंड सांभाळून बोल. नाक तिचं आहे, तुझ्या भावाचं नव्हतं." मला वाटलं, तू माझ्या पाठीशी उभी राहशील. तू मला झापलंस. "तू मधे बोलू नको. नाक माझं आहे ना? मग मला बघू दे." आणि काडी काढून शेगडीत टाकलीस. ती क्षणभरही जळली नसेल. आत्याला बसायला पाट दिलास, चहा ठेवलास. आत्या जेवूनखाऊन, कांद्याची पिशवी ठेवून, संध्याकाळच्या एसटीने गेली. त्यानंतर मी तुझ्या नाकात कधी काडी पाहिली नाही.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू मला आत बोलावलंस आणि ती चमकी माझ्या तळहातावर ठेवलीस. एका खड्याची, जुनी. मी पाच वर्षांची असताना तू माझं नाक सराफ बाजारात सोनाराकडून टोचून घेतलं होतंस, मला मांडीत घट्ट धरून. त्याच भोकात तू ती चमकी स्वतःच्या हाताने बसवलीस आणि म्हणालीस, "नाक आहे तोवर घाल." दुसरी कोणतीही आई म्हणाली असती, नवरा आहे तोवर. मी हो म्हणाले. लग्नाच्या गडबडीत त्या 'हो'ला काही वजन असेल असं मला वाटलं नाही. पुढे तू माझ्याकडे राहायला आलीस, माझ्याकडेच गेलीस. तुला शेवटची आंघोळ घालताना मी तुझ्या नाकाच्या डाव्या पाळीवरून बोट फिरवलं. तिथे तिळाएवढा खळगा होता. आरपार काही नव्हतं.

आता तुझ्या नातीचं सांगते. तू गेलीस तेव्हा ती दुपट्यात होती. आता पुण्यात नोकरी करते, स्वतःचं स्वतः बघते. दोन वर्षांमागे दिवाळीला आली ती नाकाच्या मधल्या पडद्यात चांदीची, खालून उघडी, दोन टोकांना बारीक मणी असलेली कडी घालून. डाव्या बाजूचं भोक आपल्या रीतीचं, लहानपणी मीच टोचून घेतलेलं, ते होतंच. वर हे. मी दारातच म्हणाले, "ही वेसण कोणी घातली तुला?" ती म्हणाली, "मीच. आणि कासरापण माझ्याच हातात आहे, काळजी करू नको." तुझे जावई हसून हसून खोकायला लागले. मला हसू आलं नाही. माझं म्हणणं साधं होतं. डाव्या पाळीला भोक असलं तर लोक नथ बघून कौतुक करतात, बोटभर बाजूला सरकलं की त्याच लोकांना बैल दिसतो. लोकांचं चुकत असेल, पण राहायचं त्यांच्यातच आहे. पुढे एक स्थळ आलं. मुलाच्या आईने पोहे खाता खाता विचारलं, "हे काढता येतं ना?" मी लगेच म्हणाले, "येतं की." लेक मुलाच्या वडिलांच्या भरघोस मिशांकडे बघून म्हणाली, "काकांच्या पण काढता येत असतील." ते स्थळ अर्थातच गेलं. मी तिच्याशी पंधरवडाभर बोलले नाही. हे म्हणाले, "नाक तुझ्या आईचं आहे तिचं. आपण काय करणार?"

यांचा दहावा इथेच नदीवर, आपल्या गंगेवर झाला. घरी परतल्यावर बायका आतल्या खोलीत बसल्या. थोरल्या जाऊबाई, नणंद, शेजारच्या दोघी. लेक माझ्या शेजारी होती आणि तिच्या नाकात कडी नव्हती. नणंद तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरं झालं गं बाळा, ते नाकातलं काढलंस. बापाला बरं वाटेल. आता कशी शहाण्या घरची दिसतेस." आणि त्याच दमात माझ्याकडे वळून, "वहिनी, तुमचीही चमकी आता काढायला हवी. आम्ही काही जबरदस्ती करत नाही हं. पण आज काढतात." एकाच खोलीत, एकाच तोंडाने, दोन नाकांचा निकाल लागला. लेकीने बापाच्या फोटोकडे बघायला मान वर केली आणि तिचा बांध फुटला. तशी मान वर असताना मला तिच्या नाकपुड्यांत आतल्या बाजूला दोन बारीक चकाकते ठिपके दिसले. तिने कडी काढली नव्हती. आत वळवून ठेवली होती. आई, मला तेव्हा तुझा अंबाडा दिसला.

सगळ्यांना वाटत होतं की मी भांडेन. मलाही वाटत होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. नाक टोचलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, तेव्हा नवरा कुठे होता? बँकेत मी याहून मोठ्या माणसांना याहून कडक शब्दांत गप्प केलं आहे. पण मी उठले, न्हाणीघरात गेले, आतून कडी लावली, नाकाला साबण लावला आणि फिरकी सोडवली. दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. तुझं रक्त आलं होतं, माझं आलं नाही. बाहेर आले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "बघा, शिकलेली बाई. सांगावं लागलं नाही." कौतुकाने म्हणाल्या. ते कौतुक मला अजून पचलेलं नाही.

माणसं पांगली. लेक महिनाभर राहिली. एका दुपारी आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो आणि ती म्हणाली, "आई, तुझा हात सारखा नाकाला जातो. बुजेल हं ते. पन्नास वर्षांचं असलं तरी बुजतं." आणि पर्समधून एक नवं पाकीट काढलं. त्यात काचेची कांडी होती, तांदळाएवढी, पारदर्शक. पुण्याच्या ज्या हॉटेलात तिची पहिली नोकरी होती तिथे काउंटरवरच्या मुलींना चेहऱ्यावर काही घालायची परवानगी नव्हती. तेव्हा त्या पोरी भोक राहावं म्हणून ही कांडी घालायच्या. समोरच्याला दिसत नाही. माझं भोक आतून अर्धं मिटलं होतं. तिने खोबरेल लावलं, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि हळूहळू, फुंकर घालत, कांडी आत सरकवली. दुखलं. डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. मी नुसतं दुखतंय असंच म्हणाले. मग तशीच पडून तिला मी पहिल्यांदा तुझ्या काडीची गोष्ट सांगितली. तिने तेलाची बोटं स्वतःच्या केसांना पुसली. मग म्हणाली, "मी कडी आत वळवते ना आई, ते दोन तासांचं असतं. माणसं गेली की पुन्हा बाहेर. आजीचं दोन तासांचं नव्हतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मग आजीने सोडून का दिलं?" मी उठून गवार धुवायला घेतली. जाताना पायांत चपला घालता घालता म्हणाली, "चमकी घाल तू. बाहेर पण घाल. काय करतील?" मी म्हणाले, "मला कोण काय करणार आहे? माझ्याशी बोलायची छाती आहे का कोणाची?"

परवा दुपारी मी डबी उघडली. कांडी काढून तुझी चमकी घातली, आरशात पाहिलं. चेहरा माझाच होता, फार दिवसांनी. तशीच स्वयंपाकघरात वावरले, वरण फोडणीला टाकलं. आणि बेल वाजली. दारात जायच्या आधी मी ओट्याशी थांबले आहे, गॅस बारीक केला आहे, आणि माझी बोटं फिरकी सोडवताहेत. घाईने. चमकी मुठीत धरून मी दार उघडलं. सिलिंडरवाला होता. दर खेपेला येतो तोच. माझ्या नाकाकडे त्याने आयुष्यात कधी पाहिलं नसेल. तो म्हणाला, "मावशी, जुनी टाकी काढून ठेवा की." मी एका हाताने टाकी सरकवली, कारण दुसऱ्या हाताची मूठ उघडता येत नव्हती.

कोणासाठी उघडं ठेवलंय, असं आत्याने विचारलं होतं. मी तेव्हा मनातल्या मनात तुला वेगळाच प्रश्न विचारत होते, की एवढी कशाला घाबरतेस. तो प्रश्न मी आता परत घेते. तुझ्यासाठी पुढे होऊन मी भांडले, आणि तू एकटीने ते शेगडीत टाकलंस, त्यात तुला काय गेलं असेल ते मला कळायला माझं घर रिकामं व्हावं लागलं. चमकी परत डबीत आहे. कांडी नाकात आहे. ती कोणाला दिसत नाही.

काल रात्री लेकीचा फोन आला. म्हणाली, "घातलीस का गं?" मी म्हणाले, "घातली. चमकी घालून भाजी आणायलासुद्धा जाऊन आले." ती म्हणाली, "शाब्बास आई," आणि तिचा आवाज इतका आनंदाचा होता की मला खरं सांगता आलं नाही. म्हणून हे तिला नाही, तुला लिहिलं.