मावशी मध्येच कुठे गेली

४ जानेवारी

मराठी मंडळाच्या कपाटातली ती जाडी कादंबरी संपवली. सुटले. एक माणूस गच्चीवर उभा, बायको निघून गेलेली. संध्याकाळ संपते, पान उलटावं तर परत तीच संध्याकाळ. तीच पाण्याची टाकी, तेच कबुतर. असं चार वेळा. परत करताना मंडळाच्या सेक्रेटरींना म्हटलं, हा माणूस खाली का उतरत नाही? ते हसले. "काकू, ती शैली असते." असेल. माझी शाळा सातवीत सुटली, मला शैली कोण शिकवणार. पण बायको का गेली ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. ह्याला मी फसवणूक म्हणते.

कपाटातल्या अर्ध्या पुस्तकांमागची चिठ्ठी कोरी. कोणी घरी नेलेलीच नाहीत. काचेतून बघून मात्र सगळे, वा, काय संग्रह आहे आपला!

७ जानेवारी

धुकं. दूधवाला उशिरा, चहा उशिरा, डोकं गरम. त्यात व्याही आले, सूनबाई मीनलचे वडील. शिवाजी नगरहून थेट इथं अयोध्या नगरपर्यंत, सगळं भोपाळ ओलांडून, स्कूटरवर, कानाला मफलर गुंडाळून. ह्या वयात. कशाला, तर पुस्तक द्यायला. स्वतः लिहिलेलं! रिटायर झाल्यापासून लिहीत होते म्हणे, घरात कोणाला पत्ता नाही. 'तिसऱ्या रांगेतलं क्वार्टर'. स्वतःच्या खर्चानं छापलंय. एक लेकीला, एक मला, दोन्ही सोनेरी कागदात. आत लिहिलंय, "विहीणबाईंना सप्रेम. अभिप्राय अपेक्षित."

"स्पष्ट सांगू ना?" मी विचारलं.

"तुमच्याकडून दुसरं काय मिळणार," म्हणाले. हसले.

मीनलनं तिची प्रत शोकेसमध्ये ठेवली, काचेच्या बदकांच्या मध्ये. सोनेरी कागदासकट. पुस्तक आहे का सत्काराचा नारळ?

१० जानेवारी

व्या.चं पुस्तक घेतलंय. आधी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, माझे हात तेलाचे. पहिली चाळीस पानं नुसतं सामान. ऑफिस नागपूरहून भोपाळला आलं तेव्हा कोणी कोणती ट्रंक आणली, कोणाचा पाटा-वरवंटा वाटेत फुटला. बाबा रे, माणसं कधी येणार? बसल्या बसल्या डुलकी लागली. उठून तूरडाळ निवडून आले, तिच्यात जास्त गोष्ट होती.

११ जानेवारी

मावशी आली. आता बरंय. हिरोची मावशी, शाळेत शिवण शिकवते, नवरा नाही, कोणाची भीडभाड नाही. भाचीच्या सासरच्यांना तोंडावर म्हणते, "मुलगी देतोय, माफी मागत नाहीये." वा. ही बोलते तेव्हा पुस्तक जागं असतं. बाकीचे बोलतात तेव्हा मी झोपते. आज भात लागला तिच्या नादात.

१३ जानेवारी

साखरपुड्याची बोलणी. लाडवांवरून भांडण. मावशी दार आपटून आत. छान चाललं होतं. पुढे गेले तर परत साखरपुड्याची बोलणी! तेच लाडू, तेच भांडण, परत दार आपटलं. घ्या. व्याह्यांनाही शैली लागली. त्या गच्चीवाल्याचा रोग. चडफडत सगळं परत वाचलं, म्हटलं काहीतरी वेगळं असेल. काही नाही. आणि त्याच्यापुढे एकदम मावशीच्या फोटोला हार! कधी मेली, कशानं मेली, दारातून बाहेर तरी आली का? एक अक्षर नाही. पुस्तकात एकच जिवंत माणूस, आणि लिहिणाऱ्याला तिला नीट मारायलाही फुरसत नाही.

१५ जानेवारी

संपवलं. मावशीनंतर नुसती भरती. बदल्या, बढत्या, निरोपसमारंभ.

सुनेला विचारलं, "तुला कसं वाटलं गं?"

"मस्त आहे आई! बाबांची भाषा ना, एकदम..." फोन वाजला, उठून गेली. एकदम काय, ते राहिलंच.

१८ जानेवारी, रविवार

मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. व्या.चा सत्कार, शाल, नारळ. सेक्रे. म्हणाले, "अत्यंत चिंतनशील लेखन." लीलाताई माझ्या शेजारी बसलेल्या, त्या उठून म्हणाल्या, "वाचताना डोळ्यांत पाणी आलं." कुठल्या पानावर, ते नाही. मग माइक माझ्याकडे. "काकूंना बोलू द्या, काकू वाचतात!"

बोलले. म्हटलं, सामान फार आहे. मावशी फक्कड आहे. पण साखरपुडा दोनदा का लिहिला? तेच लाडू, तेच शब्द. वाचणाऱ्याला एकदा सांगून कळत नाही का? आणि मावशी मेली ते सांगायलाच विसरलात.

"नाही हो, तसं काही नाही त्यात," असं कोणी म्हणालं नाही. मागं कोणीतरी फिसकन हसलं. व्या. शालीच्या दशा ओढत बसले होते. निघताना नमस्कार केला, मान खाली घालून. हातातला तिळगूळ तसाच घरी आणला मी, चिकट झालेला.

अभिप्राय अपेक्षित होता ना?

१९ जानेवारी

मीनल बोलत नाही. भाजी वाढते, बोलत नाही. पोळी वाढते, बोलत नाही. शेखर ऑफिसला निघताना म्हणतो, "आई, माझ्या सासऱ्यांचं होतं गं ते. दोन शब्द गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तू वाचलंस?"

"मला टाइम कुठाय?"

ज्यांना टाइम नाही ते चांगले. जिनं टाइम घालवला ती वाईट.

२३ जानेवारी

मीनल माहेरी जाऊन आली. डोळे सुजलेले. इतक्या दिवसांनी बोलली, तेही भिंतीकडे बघून. "बाबांनी पुस्तकांचे सगळे गठ्ठे पोर्चमध्ये काढलेत. गुरुवारी कबाडीवाला येणार. दुसरी कादंबरी सुरू केली होती, तीही बंद. म्हणतात, विहीणबाई खोटं बोलत नाहीत. झालं तुमचं समाधान?"

समाधान कसलं? एक साखरपुडा कमी लिहा म्हटलं होतं, लिहिणं बंद करा कोणी सांगितलं? सगळ्याचं झंझट करून ठेवतात लोक. जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी

आज भडका. "कुठे दोनदा आहे? दाखवाच मला!" मीनल कमरेवर हात ठेवून उभी. मी माझी प्रत आणून तिच्यासमोर आपटली. बोट ठेवून दाखवलं, हे बघ लाडू, आणि हे बघ लाडू. वाचत राहिली. पानं मागे-पुढे केली. मग आवाज एकदम उतरला.

"आई, पानांचे नंबर बघा."

एकशे बारानंतर परत सत्त्याण्णव. तिथून परत एकशे बारा. आणि त्याच्यापुढे थेट एकशे एकोणतीस.

बाइंडिंगवाल्यानं सोळा पानांचा एकच फर्मा दोनदा शिवला, आणि त्याच्या पुढचा गाळला. मधली सोळा पानं नाहीतच. मावशी तिथं आहे.

मी नंबर बघतच नाही कधी. खुणेला दोरा घालते, पुढे जाते. आणि म्हणे शैली!

"तुझी प्रत आण," म्हटलं. शोकेस उघडलं तिनं. सोनेरी कागद तसाच. दोघी त्या कागदाकडे बघत राहिलो. मग तिनं चिकटपट्टी हळूहळू सोडवली, कागद फाटू नये म्हणून, जसं काही अजून कोणाला द्यायचंय. तिच्या प्रतीतही तेच.

जिभेवर आलं होतं. गिळलं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला मंडळात गेले. कपाटातली व्या.च्या पुस्तकाची प्रत उघडली. तेच. मागची चिठ्ठी कोरी. सेक्रे.ना दाखवलं, कान लाल झाले. "मी जरा... वरवर चाळलं होतं हो." लीलाताईंना विचारलं, पाणी कुठल्या साखरपुड्याला आलं, पहिल्या का दुसऱ्या? रुसल्या. रुसू दे.

म्हणजे एवढी शाल, एवढा नारळ, एवढ्या टाळ्या. आणि वाचलं कोणी, तर शिव्या देणारीनं.

घरी आल्यावर मीनल मागे मागे. "आई, बाबांना सांगू नका ना."

"का? चूक त्यांची नाही. मी भरसभेत उगाच बोलले त्यांना."

"पण मग त्यांना कळेल की कोणीच नाही... की मी पण..." रडायला लागली.

मला रडारड सहन होत नाही. पण ती म्हणते तेही खरं. सांगितलं तर बापाला लेकीचं कळणार. नाही सांगितलं तर गठ्ठे कबाडात, आणि माझं बोलणं त्यांच्या डोक्यात कायमचं. काय करावं माणसानं? म्हटलं, तुला यायचं तर ये. मी जाणार.

२८ जानेवारी

गेले. मीनल गेटपर्यंत आली, चप्पल घातलेली, आणि तिथूनच परत फिरली. ऑटोवाल्यानं अर्धं भोपाळ फिरवलं, फालतू.

शिवाजी नगरात व्या.च्या मुलाचं सरकारी क्वार्टर. पोर्चमध्ये गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. व्या. शेजारी खुर्ची टाकून उन्हात.

"या विहीणबाई. आणखी काही बोलायचं राहिलं का?"

टोमणा. मारू दे, हक्क आहे. म्हटलं, चहा नंतर, आधी हे बघा. पुस्तक उघडून मांडीवर ठेवलं. नंबर वाचले. चष्मा पुसून परत वाचले. मग उठले, एका गठ्ठ्याची सुतळी ओढून काढली. एक प्रत, दुसरी, तिसरी. सगळ्या तशाच.

"तुम्ही स्वतः वाचलंच नव्हतं?"

"छापून आल्यावर हिंमत झाली नाही. तुम्ही म्हणालात दोनदा लिहिलंय, मला वाटलं, लिहिलं असेल. इतकी वर्षं घासत होतो, कुठे काय परत आलं..."

मला कळलं आता काय विचारणार. विचारलंच.

"बाकी कोणाच्या लक्षात नाही आलं? मीनलच्या?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणून चहा मागितला.

कळलं त्यांना. स्वतः आत जाऊन करून आणला, अर्धा बशीत. सोडलेली सुतळी बोटाला गुंडाळत बसले. मला चुळबूळ. काही चांगलं बोलावं असं वाटलं, सुचेना, ती सवयच नाही. शेवटी जे खरंच विचारायचं होतं ते विचारलं.

"ती मावशी गेली कशानं?"

माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवसापासून पहिल्यांदा. "तोंडी सांगायचं असतं तर कादंबरी कशाला लिहिली असती?"

राग आला. पण बरोबर आहे.

कबाडीवाल्याचं काय, ते विचारायचं राहून गेलं.

१ फेब्रुवारी

व्या.चा फोन नाही. लेकीलाही नाही. ती सारखी मोबाइल उचलते, ठेवते. मंडळातून नवीन पुस्तक आणलंय, बक्षीस मिळालेलं. पाच पानांत मिटलं. जंगल, धुकं, जंगल. सारखं वाटतं, मावशी त्या दारामागे उभी आहे आणि कोणी उघडतच नाही.

मीनल वाचायला बसलीय. शेखरला टीव्ही बंद करायला लावला.

"आई, हे सामानाचं जरा लांबलंय, नाही?"

"पुढे मावशी येते. दम धर."

इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा नीट बोललो दोघी.

७ फेब्रुवारी

स्कूटरचा आवाज. व्या.! आत आले नाहीत, गेटवरच. मीनल धावत गेली. "बाबा, मी साठाव्या पानावर आहे," म्हणाली. साठाव्या! त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही घाईत, जणू काही पडत होतं ते सावरलं.

मला पाकीट दिलं. झेरॉक्स, त्यांच्याच अक्षरातली पानं. "छापणारा म्हणतो, गठ्ठे परत पाठवा, नवीन बांधून देतो. मी अजून हो म्हटलं नाही. कबाडीवाल्यालाही नाही. आधी तुम्ही वाचा. परवा येतो. मंडळात नको, मला एकट्याला सांगा."

"वाईट असलं तर?"

"तर वाईट सांगा. गोड बोलणारे पुष्कळ आहेत माझ्याकडे."

स्कूटर सुरू होईना. किकवर किक. मी उगाच गेट धरून उभी.

८ फेब्रुवारी

अक्षर बारीक, फायलीतलं. सकाळीच बसले. सब्जीवाला ओरडून गेला, उठले नाही. मावशी दार उघडते. काय करते ते इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

व्या. उद्या येणार. काय सांगायचं ते अजून...

मीनल दोनदा दारात येऊन गेली. "आई, कसं आहे?"

"थांब."

"चांगलं का वाईट, एवढंच सांगा ना!"

"थांब म्हटलं ना. परत वाचतेय."

"परत? ह्यातही पानं दोनदा लागलीत का?"

नाही. ह्या खेपेला बाइंडिंगवाल्याचा काही संबंध नाही. शेवटच्या पानावरून मीच पहिल्यावर आले.