पुठ्ठ्याचा डोंगर आणि मलिदा

१८ मे २०२५, वॉटफर्ड

जेनिफर म्हणते ८ जूनला घरी नाही! सगळ्यांना मलिद्याचे फोन झालेत. हिच्याच मानेतली गाठ काढली, डॉक्टरीण म्हणाली आता सगळं साफ, म्हणून आम्हा ज्यूंच्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताचा मलिद्याचा नवस फेडायचाय. तर म्हणते, "आई, सर्जनला थँक्यू म्हण ना."

सर्जनला चॉकलेटचा डबा दिला की मी!

२१ मे

त्या दिवशी तिचं नाटक आहे म्हणे युनिव्हर्सिटीत. फ्रान्समधे क्रांती झाली, राजाला मारलं, चर्चना कुलपं ठोकली. मग त्या सरकारनेच नवा धर्म काढला! आधी बुद्धीची देवी. ती चालेना, तर परमात्मा. ८ जूनला त्याचा उत्सव – पुठ्ठ्याचा डोंगर, छापलेली गाणी, लोकांना पाठ करायला लावलेली.

विचारलं, देव हवाच होता तर जुना काय चावत होता?

"आई, यू डोन्ट गेट इट."

नाही गेट होत. सातवी नापास बाई मी. पण देव काय सरकारी हुकमाने येतो?

"टिकला किती?"

"दोन महिन्यांत तो धर्म काढणाऱ्या लीडरचंच डोकं उडवलं. मग फिनिश."

बघ!

२५ मे

शिमोन म्हणतो, "तुम्ही मायलेकी बघून घ्या." नवरा आहे की शेजारी!

८ जून

मलिदा झाला. गोड पोहे, खोबरं, फळं – ताट भरलं, माणसं बसली, शिमोनने पुरुषांबरोबर प्रार्थना म्हटली. जिच्यासाठी केलं ती डोंगरावर! एलिशेबा मावशींनी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी कुठाय गं?" म्हटलं, फ्रान्सला गेलीय.

आल्यावर व्हिडिओ दाखवला. डोंगर डुगडुगत होता. मी म्हटलं, शिंकलीस तरी पडेल तुझा धर्म. उठून गेली. जाऊ दे!

१० जून

जेनिफरचा स्कॅन. नेहमीचाच, म्हणाले. बसमधे ती पुढच्या सीटवर, मी मागच्या. मी का आधी बोलू?

१९ जून

हॉस्पिटलातून फोन. स्कॅनमधे परत काहीतरी दिसतंय. लगेच या.

शिमोन कामावर. जेनिफर स्वयंपाकघरात आली, माझ्या पायाशी लादीवर बसली. "आई, तो मलिद्यातला प्रेयर म्हण ना. आत्ता."

तोंड उघडलं. येतच नाही मला! पुरुष म्हणतात, आम्ही बायका आमेन म्हणतो. जन्मभर तेवढंच म्हटलंय.

"आमेन," म्हटलं.

तीही म्हणाली.