बोर्डावरचा निवडुंग

भाईंदर पूर्व,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप बाबाजीदादांस,

दत्तारामचा दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला मान जरा जास्तच वाकवून नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मृणालिनी लांज्याला सुखरूप पोचली असेलच. तिने माझ्याबद्दल जे सांगितलं असेल त्यातलं बरंचसं खरं आहे, फक्त क्रम चुकलेला असणार. तो मी लावून देतो. मग तिच्या थोरल्या भावाच्या अधिकाराने आपण तिला समजावून गाडीत बसवून द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र. (फोनच केला असता, पण तिने माझा नंबर ब्लॉक केलाय आणि आपण आपला फोन तांदळाच्या डब्यावर ठेवून बागेत जाता.)

आपल्याला ठाऊकच आहे, खारी गावाच्या अलीकडे लग्नकार्यासाठी आपली जागा आहे, 'मृणालिनी लॉन्स'. बायकोचं नाव द्यायची कल्पना माझी. तेव्हा तिने रागावल्यासारखं केलं आणि सगळ्या नातेवाइकांना बोर्डाचे फोटो पाठवले. पण त्या हिरवळीला पाणी किती लागायचं, काही विचारू नका. वऱ्हाडी एकवेळ सरबतावाचून राहतील, हिरवळ राहत नाही. टँकरवाला तर आमच्याकडे घरच्यासारखा येऊन पोहे खायचा. अशात पाणी वाचवणाऱ्या धंद्यांना करात सवलत देणारी एक योजना निघाली. हिरवळ काढा, कमी पाण्याची झाडं लावा, फोटो पाठवा, सवलत घ्या. मी लगोलग हिरवळ उपटून सगळीकडे निवडुंग लावला. मृणालिनी एवढंच म्हणाली, ''लग्नाच्या जागी काटे?'' मी म्हटलं, संसाराची सवय आधीपासून झालेली बरी. (इथे माझं पहिलं चुकलं.)

पहिल्याच लग्नात वरमाईची पैठणी निवडुंगात अडकली. ती सोडवेपर्यंत भटजींनी मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून म्हटली. वरमाई सुटल्या, पदर तिथेच राहिला. मुलीकडच्यांनी मुद्दाम केलं, असं वरपक्षाने जाहीर केलं. दोन्हीकडच्यांना जेवायला बसवता बसवता मृणालिनीच्या नाकी नऊ आले. शिवाय रस्त्याची धूळ निवडुंगावर बसून तो फोटोत राखाडी दिसतो, म्हणून प्रत्येक लग्नाआधी तो धुवावा लागतो. त्यासाठी टँकर मागवावा लागतो. पण योजनेत झाडं धुण्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, त्यामुळे तो मुद्दा मी काढला नाही.

मग तपासणीला साहेब आले. माणूस सज्जन. निवडुंग मोजला, नळ पाहिले, चहा घेतला आणि जाता जाता बोर्डासमोर थांबले. म्हणाले, ''फोटोत तर लॉन्स दिसतंय.'' मी म्हटलं, साहेब, ते नाव आहे. हल्ली डांबरावर मांडव घातला तरी त्याला लॉन्सच म्हणतात. त्यावर ते म्हणाले, ''मला कळतंय हो, पण फोटो वर जाणार. वरच्यांना निवडुंग ओळखू येत नाही, बोर्ड वाचता येतो. जे काढलंय ते खोडा, जे लावलंय ते लिहा.''

मी केबिन रोडवरून राघो पेंटरला आणला. त्याने 'लॉन्स' खोडलं आणि साहेबांच्या शब्दाबरहुकूम, तेवढ्याच ठसठशीत अक्षरात 'निवडुंग' लिहिलं. मृणालिनी तेव्हा सिल्व्हर पार्कला भिशीला गेली होती. ती नेमकी मैत्रिणींना घेऊन परतली. रिक्षावाल्याने बोर्ड मोठ्याने वाचला, ''मृणालिनी निवडुंग. यहीच है ना, मॅडम?'' मैत्रिणी हसल्या नाहीत, तिथेच सगळं बिघडलं. त्यात फाटकाशी भाजी विकणाऱ्या खारीच्या तुळसाबाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, ''शेट, नवरा-बायकोचा भांडण घरान ठेवाचा, बोर्डावर न्हाय लिवाचा.'' घरी आल्यावर मी मृणालिनीला योजनेचा नियम शांतपणे समजावला. सवलत किती टक्के, तेही सांगितलं. त्यावर तिने बॅग भरली.

दादा, माझ्या मनात काही वाईट नव्हतं. चूक असलीच तर राघोची, दोन शब्द एका ओळीत लिहायला नको होते. आपण हे तिला आपल्या शब्दांत सांगावं. घर खायला उठलंय, आणि मी केलेली आमटी मलाच खाववत नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
दत्ताराम

ता. क. सवलत मंजूर होत आली आहे. मात्र जागा मृणालिनीच्या नावावर असल्याने शेवटचा ओटीपी तिच्या फोनवर येणार. तो दहा मिनिटं चालतो आणि हे पत्र पोचायला आठवडा लागेल. तरी तिने पत्र पोचल्यापासून फोन हातात ठेवावा. अबोला असला तरी आकडे सांगायला हरकत नसावी.

ता. ता. क. वरचा मजकूर परत वाचला आणि माझी मलाच लाज वाटली. ओटीपी राहू द्या. राघोला आत्ताच बोलावून 'निवडुंग' खोडायला लावलं. सवलत गेली. आता बोर्डावर नुसतं 'मृणालिनी' आहे आणि पुढे कोरी जागा. मला ते असंच जास्त आवडतंय, पण तिथे काय लिहायचं ते तिने येऊन सांगावं. 'निवडुंग' हा शब्द वाया जाऊ नये असं तिला वाटत असेल, तर तो माझ्या नावापुढे लिहायला माझी हरकत नाही.