चोवीस तासांच्या सह्या

बालाघाट
८ जून २०२५

प्रिय दीपिका,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आठवीतली ती दुपार तुला आठवते का गं? शाळेच्या मागच्या पायरीवर बसून तू माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिनेनं जोडत होतीस आणि मान वर न करता मला समीकरण समजावत होतीस. सिस्टर येऊन ओरडतील असं वाटलं, तर त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी आणखी एक पिन काढून दिली. मदत म्हटलं की मला अजून ती पायरी दिसते. तू विद्यापीठातल्या विद्यार्थी सहाय्य केंद्राची प्रमुख झालीस तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले, आणि माझ्या भावाच्या, धम्मपालच्या मुलीला, पौर्णिमाला, तुझ्या भरवशावर तिथे धाडलं.

आज किळस आली आहे म्हणून लिहिते. फोनवर तू हसून विषय बदलतेस. कागदावर ते जमत नाही.

पौर्णिमा गणितात नापास झाली. ते एक वेळ ठीक, मीही होत असे. पण काल हॉस्टेलचं पत्र आलं: केंद्राच्या वर्गांना चोवीस तास बसूनही अनुत्तीर्ण, म्हणून खोली रद्द. इतके वर्ग झाले तर सांगितलं काहून नाहीस, असं मी विचारलं, तशी सुट्टीत माझ्याकडे आलेली पोरगी रडायलाच लागली. एकही वर्ग झाला नाही म्हणे. फेब्रुवारीत तपासणीची समिती यायच्या आदल्या दिवशी पन्नास मुलांना रांगेत उभं करून चोवीस तारखांसमोर सह्या घेतल्या. खरं वाटावं म्हणून थोडी निळी पेनं, थोडी काळी पेनं वाटली, आणि शेवटी एकेक समोसा. तिनं सह्या केल्या, कारण दीपिका मावशी सांगेल ते निमूट ऐकायचं, असं मीच तिला निघताना बजावलं होतं.

वीस जुलैला फेरपरीक्षा आहे. खोली गेली तर धम्मपाल तिला परसवाड्याला परत आणील. शहरात एकटीला तो ठेवणार नाही. म्हणजे शिक्षण संपलं. तू काय करणार ते लिही.

लोभ अजून आहे. तो किती दिवस टिकेल हे आता तू ठरव.

तुझी
संघमित्रा


विद्यापीठ वसाहत
१६ जून २०२५

प्रिय संघमित्रा,
स. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. साठीला आलीस तरी तू अजून वर्गाची मॉनिटरच आहेस; फळ्यावर माझं नाव लिहायचं तेवढं राहिलं.

पण माझी बाजूही ऐक. मला केंद्र म्हणून मिळालं ते एक खोली, एक पाटी आणि एक कुलूप. शिकवायला माणूस मागितला तर साहेब म्हणाले, मॅडम, पहले फाइल तो पूरी कीजिए. समितीला रजिस्टर लागतं. इथे सगळेच विभाग असंच करतात. त्या कागदाचा हॉस्टेलवाले असा उपयोग करतील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पौर्णिमाची काळजी सोड. वॉर्डन माझ्या ओळखीची आहे, तिची खोली गुपचूप राहील. तू मात्र गवगवा करू नकोस. सोबत मी लिहिलेली पुस्तिका पाठवते, ‘आपली मदत आपणच’. तिला रोज दोन पानं वाचायला सांग, धीर येतो. तुझे गुडघे कसे आहेत? कोणी इकडे येणार असेल तर थोडा चिन्नोर तांदूळ धाड. इथल्या तांदळाला वासच नाही.

राग विरला की लगेच लिही, वाट पाहते.

तुझीच
दीपिका


बालाघाट
२४ जून २०२५

प्रिय दीपिका,
जयभीम.

पुस्तिका वाचली. नापास झाल्यास आरशासमोर उभं राहून स्मित करावं, असं चौथ्या पानावर आहे. नवव्या पानावर, भरपूर पाणी प्यावं. जिला कोणी एक गणित समजावलं नाही तिला तू पाणी पाजतेस! वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

खोलीचं मी पौर्णिमाला सांगितलं. ती म्हणाली, आत्या, मले एकटीले नको. असं पत्र सात पोरींले आलं हाय. हट्टा गावची अंजना आहे, लांजीच्या शेवंताबाईंची लेक आहे. त्यांची कुठली वॉर्डनशी ओळख? मग म्हणाली, खोटी सही तर मीबी केली, मग मी त्या मॅडमपेक्षा चांगली कशी? मी म्हटलं, चूक माझी, मोठ्यांचं निमूट ऐकायला मीच शिकवलं. हौ, म्हणाली, पण हात तर माझाच होता ना.

वर्ग झाले नाहीत आणि माझी सही खोटी आहे, असं ती आता स्वतः कुलसचिवांना लिहिते आहे. मी त्यातला एक शब्दही बदलला नाही. तिच्या कागदासमोर तुझं रजिस्टर ठेवलं जाईल. तू गप्प बसलीस तर खोटारडी ती ठरेल आणि खोलीच काय, तिचं नावही काढून टाकतील. तांदळाचं पुन्हा काढू नकोस. खरं काय ते लिहून दे.

तुला ओळखते असं अजून तरी समजणारी
संघमित्रा


विद्यापीठ वसाहत
७ जुलै २०२५

प्रिय संघमित्रा,
स. न. वि. वि.

मी लिहून दिलं. साहेब म्हणाले, पागल हो गई हैं क्या, रिटायरमेंट को दो साल बचे हैं. मी म्हटलं, म्हणून तर घाई आहे. तोरा तेवढाच, बाहेर येऊन जिन्यातच बसले.

सातही जणींच्या खोल्या फेरपरीक्षेपर्यंत राहिल्या. पुढचं निकालावर. केंद्र माझ्याकडून काढून घेतलं, चौकशी बसली आहे. तिथे कुलूप लागलं, म्हणून मुली संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात गणित करायला बसतात. पौर्णिमाही येते. मला मावशी म्हणत नाही, मॅडम म्हणते, आणि माझ्या हातचा चहा घेत नाही. गणित मात्र समजेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारते. मला तिचा रागही येत नाही. त्या रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली ‘तपासले’ असं मीच लिहिलं आहे. मला माझ्याच अक्षराची शिसारी बसली आहे.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून नुसती कामं सांगते. बालाघाटच्या बसनं पुडकं पाठवलं आहे, ते दुलीचंद कंडक्टरकडून घे. आत तीन पाकिटं आहेत. बाकी चार मी डाकेत टाकली. सगळ्यांत मजकूर एकच आहे: तुमच्या मुलीला इथे कोणीही शिकवलं नाही, ती मदत घेऊन नापास झालेली नाही. परसवाड्याचं पाकीट धम्मपालच्या हातात दे. हट्ट्याचं अंजनाच्या वडिलांचं, सुखरामजींचं. भाताच्या रोवण्याचे दिवस आहेत, ते शेतात बांधीत असतील, तर घरी ठेवून येऊ नकोस, तिथे नेऊन दे. लांजीचं शेवंताबाईंचं. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा शेजारी बसून तूच मोठ्यानं वाचून दाखव. शेवटी माझं नाव आहे. ते गाळू नकोस.

दीपिका