किटलीत उभी शिडी

तीर्थरूप वन्संना नमस्कार,

पक्ष बदलला त्या सकाळी मी भांडी घासून पालथी घालत होते आणि तुमचे भाऊ घराच्या दर्शनी भिंतीवर जुन्या पक्षाची किटली झाकून नव्या पक्षाची शिडी काढत होते. (तुमचे गुडघे कसे आहेत? आधी तेच विचारायचं असतं, पण भीतीने क्रम चुकतो.) दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता किटलीवाल्यांच्या भिंती रंगवायला लागले, त्यातून नगरसेवक झाले, तरी ब्रश दुसऱ्याच्या हाती दिला नाही. मी म्हटलं, "अहो, पाण्याच्या रंगाचा एकच हात देताय, खालची किटली दिसेल." तर म्हणाले, "पक्षाला एक हात पुरतो गं. पुन्हा पुसायचंच असतं."

ते गेले. (अजून मी दोघांचा चहा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते. झोप त्यामुळेच येत नाही, असं स्वतःला सांगते.) आता त्यांच्या रिकाम्या जागेची निवडणूक लागली आणि नेमकी आत्ताच शिडीखालून किटली वर आली. भिंतीवर किटलीत उभी केलेली शिडी दिसते. पोरं हसतात. मोठी माणसं हसत नाहीत, त्याचीच भीती वाटते.

किटलीवाले येऊन म्हणतात, "बघा वहिनी, दादा मनाने आमचेच होते. भिंतीला हात लावू नका." ते वळले की शिडीवाले येतात. "वहिनी, उद्यापर्यंत किटली दिसता कामा नये. घर रस्त्यावर आहे, काचा नाजूक असतात." चहा दोघेही माझाच पितात. काल एक काच फुटली. कोणी फोडली ते कळलं नाही, कारण विचारपूस करायला दोन्हीकडचे एकदमच धावत आले. (पेपर मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, पण दगडावर कुणाचं चिन्ह छापलेलं नसतं.) तेव्हापासून दाराला आतून कपड्यांची पेटी लावून बसले आहे. मांजराने उडी मारली तरी "आले, आले" म्हणते आणि जात नाही.

बाकी सर्व ठीक. माझी काळजी करू नये.

तुमची भावजय

ता. क. काळजी करावी. उद्याच्या गाडीने मी कायमचीच येते आहे. हे पत्र माझ्या मागून पोचेल. मागची खोली रिकामी असेल ना?

आणखी ता. क. खोली झाडू नका. पत्र घरातच राहिलं आणि मीही. सकाळी बादली आणि घासणी घेऊन भिंतीशी गेले. समोर दोन्हीकडची माणसं उभी होती. हात असे थरथरत होते की घासायचे वेगळे कष्ट पडले नाहीत. शिडी गेली, किटली गेली. खालून आमच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी काढलेली अक्षरं निघाली : 'येथे पाट्या रंगवून मिळतील'. ऑइलपेंटची, वन्सं, आणि चांगले तीन हात दिलेली. मग मी आत आले, पेटी जागेवर सरकवली आणि दार उघडं ठेवून भांडी घासली.