वर पुस्तकं, खाली पोरं

३ मार्च, सोमवार
सकाळी अभ्यासिकेतल्या टेबलांवर पांढरी पूड. रशीदभाई, आमचे शिपाई, फडकं मारत म्हणाले, "चूहे होंगे मॅडम." उंदीर काय चुना पाडतेत का! मान वर केली. मधल्या पंख्याच्या हुकापासून पार भिंतीपर्यंत भेग. मागच्या महिन्यात नव्हती. नव्हतीच.

मागच्या महिन्यात आम्ही वाचनालयाची सगळी पुस्तकं वरच्या मजल्यावर नेली. खालचा हॉल अभ्यासिकेला पाहिजे होता. स्पर्धा परीक्षेची पोरं रांग लावून उभी, आणि पुस्तक घरी नेणारे बोटावर मोजण्याइतके. समितीत काहीजण म्हणाले, पुस्तकं काढूनच टाका. मी म्हटलं, आधी मला काढा. मग भाऊसाहेबांनी, म्हणजे अध्यक्षांनी, तोड काढली: वर पुस्तकं, खाली पोरं. मी तर पेढे वाटले! पोरांनीच हौसेनं लोखंडी रॅकं, कोश, जुन्या अंकांचे बांधीव गठ्ठे वर चढवले. स्लॅबला झेपंल का, हे एकानंही विचारलं नाही. वर आधी काय होतं? दोन कॅरम आणि सतरंज्या.

५ मार्च, बुधवार
दोन दिवस सारखी मान वर. भेग वाढली की मलाच तसं वाटायलंय, कळेना. शेवटी फाटकी पानं जोडायचा पातळ कागद घेतला, खळ शिजवली, आणि भेगेवर आडवी पट्टी चिकटवली. हलली तर कागद फाटंल. र.भाईंनी रोजा असून शिडी धरली. खाली पोरं हसायली, "मॅडम, छताचंपण बायंडिंग का?" मी पण हसले. कसं हसले देव जाणे.

६ मार्च, गुरुवार
पट्टी शाबूत. दोन घास नीट गेले.

दुपारी भाऊसाहेब पुढच्या पाच वर्षांचा आराखडा घेऊन आले. एसी, गाळ्यागाळ्यांची टेबलं, बाहेर काचेचं दार. वर बघून म्हणाले, "ही पट्टी कशाची?" सांगितलं. खुर्चीत बसलेच ते. मग हळूच, "ताई, लेखी काही देऊ नका कुणाला. एकदा महापालिकेचं सील लागलं की परत उघडत नसतं. शहागंजच्या बाजाराच्या तोंडाशी जागा आहे आपली, डोळा ठेवून बसलेत लोक. वर्षभरात इथं कपड्यांची दुकानं दिसतील."

खोटं नाही बोलले. त्यांच्या वडिलांनी घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली होती. दोघंही भ्यायलेलो, आणि चहा पीत बसलो.

८ मार्च, शनिवार
फाटली.

मधोमध, ब्लेडनं कापावी तशी. शिडीवरून उतरले. पोरांना म्हटलं, मधल्या टेबलांवर बसू नका. कोण ऐकतंय! या उन्हात पंख्याखालची जागा म्हणजे राजाची गादी. रुमाल, बाटली, उशी ठेवून महिनोन्महिने धरलेली असते, बापालाही देत नाहीत. "रोज बसतोय मॅडम, काय नाय होत."

भिंतीकडं नेहमीसारखी प्रज्ञा. खुलताबादहून येते. वडील तिकडं शेतात मजुरीला. तिची बस यीऊस्तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात. ती म्हणाली, "मी बसते का पंख्याखाली कधी? मला नका सांगू." आणि हसली. मला मात्र हसायला नाही आलं.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "राजीनामा दे आणि मोकळी हो." मोकळी? स्लॅब काय माझा राजीनामा वाचून थांबणार आहे?

९ मार्च, रविवार
सुट्टी नाही, पोरं असतातच म्हणून गेले. भाऊसाहेबांचा फोन. नवीन तोड. "वजनानंच होतंय ना? मग वजन काढू. रद्दीवाला पाठवतो. पुस्तकं गेली की भेग थांबली. कुणाला सांगायची गरज नाही, सील नाही, पोरंपण राहतील."

म्हटलं खाली आणू ना परत. "ठेवणार कुठं?" खरंय, हॉलभर टेबलं.

तासभर वरच्या जिन्यात बसले. आत जायची छाती होईना. दारातून दिसत होते ते गठ्ठे, कित्येकांच्या पाठी मी स्वतः चिकटवलेल्या. पण पोरापेक्षा पुस्तक मोठं का? फोन केला आणि हो म्हणाले. नंतर मोरीत तोंडावर पाणी मारत रडले. लिहितानाही रडायलेच.

१० मार्च, सोमवार
रद्दीवाला आला, टेम्पो आणि तीन पोरं घेऊन. खुशीत होता, एवढा माल एका जागी! जिन्यावरून वर गेला. दारातूनच जमीन बघितली. रॅकांखालच्या फरश्या मधे दबलेल्या. लगेच खाली. "मॅडम, मेरे बच्चे अंदर नहीं जाएंगे. आप मुफ्त में दो तो भी नहीं." मी म्हटलं, एकेक करून नेऊ. कानाला हात लावला आणि टेम्पो रिकामा घेऊन गेला.

त्याच्या पोरांना त्यानं पाऊल टाकू दिलं नाही. आणि त्याच फरशीखाली माझी पोरं मान खाली घालून वाचत बसलेली. लाजेनं मेल्यासारखं झालं. भीती तर आहेच, ती आता अंगातच राहायला आलीय.

११ मार्च, मंगळवार
महापालिकेत अर्ज दिला. माझ्या सहीनं. भाऊसाहेबांना विचारलं नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "बघतो, माणूस पाठवतो." कधी? "पाठवतो म्हटलं ना बाई."

परत आल्यावर हॉल रिकामा करवला, कुलूप घातलं. पोरं पायरीवर उभी. "परीक्षा तोंडावर आलीय मॅडम, जायचं कुठं?" खोल्या बघितल्यात मी त्यांच्या. एका खोलीत पाचजण, वर पत्रा. एकजण म्हणाला, "तुम्हाला पुस्तकंच वाचवायचीत." हे मला! असू दे. जिवंत राहून शिव्या दे म्हणावं.

१२ मार्च, बुधवार
महापालिकेतून कुणी नाही. पोरं दिवसभर पायरीवर, उन्हात. प्रज्ञा ओढणी डोक्यावर घेऊन वाचत होती.

संध्याकाळी भाऊसाहेब. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले माझ्यावर. "बुडवलंत तुम्ही वाचनालय!" मग म्हणाले, "माझ्या वडलांना काय सांगू?" वडील जाऊन किती वर्षं झाली.

चावी मागितली. दिली नाही.

१३ मार्च, गुरुवार
आले तर हॉल उघडा. दुसरी चावी भाऊसाहेबांकडं असते हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. र.भाई दारातच, चेहरा उतरलेला. "साहब ने बोला, बीच का छोडके बैठो." रात्रीतून पूड बरीच पडलेली, बशीएवढा एक गिलावाही. म्हणून पोरंही भ्यालीत आता. सगळी भिंतीला चिकटून, एका टेबलाला चारचार. रुमाल, बाटल्या, उश्या सगळ्या कडेला. बाहेर चला म्हटलं, तर साहेबांनी बसा म्हटलंय म्हणून कुणी हललं नाही. मधली टेबलं मोकळी.

एक सोडून. प्रज्ञा. उशिरा आलेली, भिंतीकडं जागाच उरली नव्हती. गिलावा बाजूला सारून बसलेली, वर पंखा फुल.

"ऊठ." उठली नाही. "रविवारी पेपर आहे मॅडम. एवढं प्रकरण होऊ द्या." मी हात धरला तर सोडवून घेतला, रागानं नाही. म्हणाली, "आज पहिल्यांदा पंख्याखाली जागा मिळालीय."

पंख्याचं बटण बंद केलं. हॉलभर हाय हाय झाली, ती मात्र वहीनं वारा घेत वाचतच राहिली. महापालिकेत फोन लावला, माणूस निघालाय म्हणे. आला की सगळंच सील करणार. मी दारात स्टूल टाकून बसलेय, हे लिहितेय, आणि मधेमधे तिला हाका मारतेय.