होडीने बेटावर चालले आहे

सूनबाई,

मी मैत्रिणींबरोबर समोरच्या बेटावर चालले आहे. तिथलं रिसॉर्ट दिवसभर बघून येणार. त्यांची लाँच परवडत नाही, म्हणून शिंपीणबाईने मच्छीमाराची होडी ठरवली आहे. जेवणाचे डबेही घरूनच नेतोय.

तोंडाने सांगितलं असतं तर तू "आई, नको" म्हणाली असतीस आणि मी लगेच चपला काढून ठेवल्या असत्या. तुझे सासरे बुडाले तेव्हापासून मी समुद्राकडे पाठ करूनच भाजी विकत आले. काल शिंपीणबाई म्हणाली, "अगं, नवऱ्याला नेलं त्याने, तुला आणखी किती घाबरवणार?" मी होडीचे पैसे तिच्या हातावर ठेवले. होडीत सगळ्यांना पुरतील एवढी जॅकेटं नाहीत, हे मी पाहिलं आहे. नातवाची पोहायची ट्यूब पिशवीत घातली आहे. हसू नकोस.

दिवेलागणीपर्यंत येईन. उशीर झालाच तर धक्क्यावर तू ये, माझ्या लेकाला पाठवू नकोस. लहानपणी वडिलांची वाट बघत तो रात्रभर तिथेच बसला होता. सकाळी मी त्याला उचलून घरी आणलं, तेव्हाही तो मान वळवून पाण्याकडेच बघत होता.

आई